तुम्ही विचारलंत म्हणून : पंक ऐकणारी बाई ऑस्कर का बघते?

"मावशी, तू पंक ऐकतेस ना? मग पहाटे उठून ऑस्कर कशाला बघतेस?" भाची दरवर्षी विचारते. ऑफिसातले विचारतात. प्रश्न रास्त आहे. पंक म्हणजे बंडखोर रॉक संगीत. कुणाच्या शाबासकीसाठी न थांबणाऱ्यांची ही गाणी ऐकायची आणि शाबासकीचा एवढा मोठा सोहळा मात्र चुकवायचा नाही, हे जुळत नाही असं कुणालाही वाटेल. घाईत दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर सांगते.

पंककडे मी ओढली गेले ती आवाजामुळे, पण टिकले ती दुसऱ्याच कारणाने. जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने 500 पौंड उसने घेतले आणि स्वतःच आपली रेकॉर्ड काढली. कंपनीच्या दारात खेटे घालत बसले नाहीत. पहिल्या हजार प्रती खपल्या, मग आणखी छापल्या. त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या एका हौशी अंकात गिटारच्या तीन कॉर्डच्या, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या, आकृत्या छापून आल्या. सोबत एवढंच लिहिलं होतं : हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा. साठच्या दशकातली आपली सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना हा बाणा ओळखीचा वाटेल. संपादक छापत नाही? मग आपणच छापू.

बरीच वर्षं मला वाटायचं की एवढं पुरेसं आहे. मग मी 'डेथ' हा बँड ऐकला.

डेट्रॉइटचे तीन सख्खे भाऊ : डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. कृष्णवर्णीय मुलं, तीही मोटाउन या सोल संगीताच्या नामांकित कंपनीच्या गावातली, म्हणजे त्यांनी सोल हे कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण संगीत गावं अशी सगळ्यांची अपेक्षा. हे मात्र घरातल्या एका खोलीत सुसाट रॉक वाजवायचे. 1975 साली स्टुडिओत सात गाणी रेकॉर्ड झाली. रेकॉर्ड कंपनीचे बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांना संगीत आवडलं, पण बँडचं नाव बदला म्हणाले. वडील गेल्यावर डेव्हिडने विचारपूर्वक ठेवलेलं नाव होतं ते. तो हटला नाही. करार फिसकटला. 1976 मध्ये भावांनी स्वतःच्या पैशाने दोन गाण्यांची एक रेकॉर्ड काढली. प्रती 500. रेडिओवर ती फारशी वाजलीच नाही.

म्हणजे बझकॉक्सच्या आधी, त्यांच्यासारखंच सगळं या मुलांनी केलं होतं. तरी पंकचा इतिहास लिहिला गेला तेव्हा त्यात यांचं नाव नव्हतं. मूळ टेप बॉबीच्या घरी माळ्यावर पडून होत्या. जग एक दिवस या टेप शोधत येईल, असं डेव्हिड भावांना सांगायचा. तो 2000 साली कॅन्सरने गेला. पुढे बॉबीच्या मुलाच्या कानावर ती गाणी बाहेरच कुठेतरी पडली, आणि हा तर आपल्या बाबांचा आवाज, हे त्याने ओळखलं. अल्बम निघाला 2009 मध्ये, रेकॉर्डिंगनंतर चौतीस वर्षांनी. डॅनिसचे ड्रम ऐकताना मला विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या ताशाची तर्री आठवते, इतकी त्या हातांना घाई आहे. पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. गाण्यापेक्षा तो माळा डोळ्यांसमोर येत होता.

तेव्हा कळलं की स्वतः करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे कुणीतरी नोंद ठेवणं, आणि तिथे पंकवाल्यांनीही आपल्याच माणसांना वगळलं होतं.

आता ऑस्करचं. 29 फेब्रुवारी 1940 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात हॅटी मॅकडॅनियलना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्मात्याने रदबदली केली तेव्हा आत घेतलं, आणि सिनेमातल्या बाकी मंडळींपासून दूर, भिंतीकडेच्या छोट्या टेबलावर बसवलं. पुरस्कार घ्यायला त्या तिथून उठून आल्या. त्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला 1991 उजाडलं.

मी पहाटे उठते ती हे टेबल बघायला. कोण कुठे बसलंय, यादीत कोण आहे, कोण नाही. 2012 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने मोजदाद केली तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या, मत देणाऱ्या सदस्यांपैकी जवळजवळ 94 टक्के गोरे आणि 77 टक्के पुरुष निघाले. 2015 आणि 2016, लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली. लोकांनी हॅशटॅग चालवून जाब विचारला, तेव्हा अकादमीने सदस्यत्वाची दारं जरा उघडली. 2020 मध्ये एका कोरियन सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं. इंग्रजीत नसलेल्या सिनेमाला ते प्रथमच मिळत होतं. टीव्हीसमोर एकटीच उभी राहून मी टाळ्या वाजवल्या. पुरस्काराने सिनेमा चांगला ठरत नाही, हे मलाही कळतं. पण पुरस्कार मिळालेल्या सिनेमाच्या प्रिंट जपल्या जातात, तो अभ्यासाला लागतो, त्या दिग्दर्शकाच्या पुढच्या सिनेमाला पैसा उभा राहतो. तो माळ्यावर पडून राहत नाही.

आपल्याकडेही हेच बघितलंय. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'मध्ये शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या अंगावर येतो. मराठीत याहून पंक काही मी पाहिलेलं नाही. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने खरोखर मान चुकवली होती, आणि पडदा काळा झाल्यावरही कुणी जागचं उठलं नाही. त्या सिनेमाला पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. तो दगड पुरस्कारासाठी मारलेला नव्हता. पण कुठे लागला, याची सरकारदरबारी नोंद झाली, याचं मला मोल वाटतं.

म्हणून भाचीला सांगते, मी दोन्ही बघणार. सोहळा संपला की डबा भरते, स्टेशन गाठते, आणि लोकलमध्ये कानात 'डेथ' लावते. सीट मिळाली तर बसून, नाही तर दाराशी उभी राहून.