मांधात्याची गेलेली पन्नास वर्षं

लष्कर, ग्वाल्हेर. जून, रात्री उशिरा.

मांधात्याच्या बर्फावरचा शोधनिबंध आज पुन्हा काढला. गुर्ला मांधाता म्हणजे मानसरोवराच्या यात्रेला जाणाऱ्यांना दिसतो तोच. शास्त्रज्ञ त्याला नैमोनान्यी या तिबेटी नावाने ओळखतात. 2006 साली तिथे सहा हजार मीटरच्या वर बर्फात छिद्र पाडून आइस कोर, म्हणजे थरावर थर असलेले बर्फाचे लांब दंडगोल, काढले. कोर हाती आला की आधी त्यात किरणोत्साराची खूण शोधायची असते. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा अंश जगभरच्या बर्फावर पडला, 1962-63 चा थर तर हमखास मिळतो, आणि तो मिळाला की वर्षं मोजायला एक पक्का खुंटा होतो. मांधात्यात तो मिळाला नाही. 1951 च्या सुमाराची खूणही नाही. म्हणजे 1950 च्या आसपासपासून तिथे बर्फाची भर पडलीच नाही, पडली असेल ती टिकली नाही. डोंगर फोटोत पांढराशुभ्र दिसतो, पण अलीकडची पन्नासेक वर्षं त्यातून गेली आहेत.

पेपरात हिमनद्यांच्या बातम्या येतात त्या क्षेत्रफळाच्या. किलिमांजारोवर 1912 मध्ये सुमारे बारा चौरस किलोमीटर बर्फ होता, 2000 पर्यंत त्यातला सुमारे 80 टक्के गेला. बोलिव्हियातली चाकलताया हिमनदी 2009 मध्ये संपली. हे सगळं खरंच आहे. मला मात्र त्याच्या आधीचा टप्पा छळतो. बर्फ जागेवर असतो आणि वाचता येईनासा होतो.

पेरूमधल्या केलकाया या हिमाच्छादनाचं तेच झालं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे लॉनी थॉम्पसन यांनी 1983 मध्ये तिथे कोर काढले, साडेपाच हजार मीटरच्या वर. जनरेटर चढवणं शक्य नव्हतं म्हणून ड्रिल सौर पॅनेलवर चालवलं. बर्फ गोठलेला खाली आणायची सोय नव्हती, तेव्हा नमुने तिथेच वितळवून बाटल्यांत भरले. (हे वाचलं की आमच्या लॅबमधल्या फ्रीजरबद्दलची माझी कुरकुर जरा कमी होते.) तिथे पावसाळ्यात बर्फ पडतो आणि कोरड्या महिन्यांत त्यावर धुळीची रेघ बसते, त्यामुळे दीड हजार वर्षं साल-दर-साल मोजता आली. वाय्नापुतिना ज्वालामुखीची 1600 सालची राखसुद्धा आपल्या जागी सापडली. जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून हवामानाचे चढउतार कळतात, तेही त्या बाटल्यांत नीट होते. 1991 मध्ये ते पुन्हा गेले तर वरच्या थरांतले चढउतार सपाट होऊ लागले होते. उन्हाने वितळलेलं पाणी खाली झिरपून एका वर्षाचा बर्फ दुसऱ्यात मिसळत होता. जुन्या वहीवर पाणी सांडल्यावर शाई पसरते, कागद शाबूत आणि हिशेब गेला, तसं.

किलिमांजारोच्या 2000 सालच्या एका कोरमध्ये वरच्या 65 सेंटीमीटरांत हवेचे लांबट बुडबुडे मिळाले. वितळून पुन्हा गोठल्याची ती खूण. खाली, हजारो वर्षांच्या बर्फात, तसले बुडबुडे नाहीत. इंडोनेशियातल्या पापुआच्या पुंचक जया शिखरावर 2010 मध्ये तर बर्फावर पाऊसच पडत होता. विषुववृत्ताजवळ जवळजवळ पाच हजार मीटरवर पाऊस! यापुढे मला जास्त लिहवत नाही.

संध्याकाळी अण्णाकाकांकडे गेले. ते मोडी वाचतात, घरातल्या जुन्या कमाविसदारीच्या, म्हणजे महसूल वसुलीच्या, कागदांचं बाड त्यांच्याकडे आहे, आणि माझ्या बर्फावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. त्यांना दासुओपूचं सांगितलं. शिशापांगमा या तिबेटातल्या शिखराजवळची ही हिमनदी, तिथला उन्हाळी बर्फ आपल्याच मान्सूनचा. 1997 मध्ये 7200 मीटरवर काढलेल्या त्या कोरमध्ये 1790 ते 1796 या वर्षांच्या थरांत धूळ आणि क्लोराइड एकदम वाढलेलं दिसतं. पावसाने दगा दिला, खालची जमीन कोरडी पडली आणि ती धूळ वर गेली.

काका सावरून बसले. "म्हणजे पाटीलबावा पुण्याला गेले ती वर्षं." महादजी शिंदे 1792 मध्ये पुण्याला पोचले आणि 1794 मध्ये तिथेच वारले, हे ग्वाल्हेरच्या मराठी घरात कुणालाही सांगावं लागत नाही. मग म्हणाले, "पण तुझा बर्फ कुठलं गाव ते सांगत नाही. कुणाचे बैल मेले, कुणाला तगाई मिळाली, काही नाही."

मी म्हटलं, ते खरं आहे.

"आणि आमचा कागद गाव सांगतो, पण दुष्काळाबद्दल खोटं बोलतो," हे त्यांनीच पुढे जोडलं. "सारामाफी हवी असली की प्रत्येक पाटलाच्या गावात पाऊस कमीच पडतो. तुझ्या बर्फाला कुणाकडून सूट मागायची नाही, एवढं मान्य."

माझ्या गाइडनेही पुराव्याबद्दल इतकं नेमकं बोलून दाखवलेलं आठवत नाही. कोरमधली धुळीची वर्षं एका बाजूला आणि सारामाफी मागणाऱ्या अर्जांची वर्षं दुसऱ्या बाजूला ठेवली तर निदान कुणाची तक्रार खरी होती ते तपासता येईल. कोरमधली सालं एखाद-दोन वर्षांनी पुढेमागे असू शकतात, तेवढी सवड ठेवून.

काका तयार झाले, पण अट घालून. "1790 चं कळलं ते कळलं. बाकीची सालं मला आत्ता सांगू नकोस. एकदा कानावर पडली की मला प्रत्येक ओळीत दुष्काळ दिसायला लागेल. आधी मी कागद वाचतो, सनांची यादी करतो, मग तू तुझं पान उघड." बाडात फसली (जुना महसुली) आणि हिजरी सन आहेत, ते इसवी सनात आणायचं काम माझ्याकडे. त्यासाठीचे तक्ते असलेली जंत्री काकूंनी माळ्यावर आहे म्हणून सांगितलंय, रविवारी काढायची.