तुम्ही विचारलंत म्हणून: ख्याल शिकवणाऱ्या घरात पॉप का वाजतं?

क्लास सुटायच्या वेळी मुलांना न्यायला आलेले पालक जिन्यात थांबतात. वरच्या खोलीतून इंग्रजी गाणं ऐकू येत असतं. मग कोणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही हेही ऐकता? यात तुम्हाला काय आवडतं?" दारात उभ्याउभ्या दोन वाक्यांत हे सांगता येत नाही, म्हणून आज लिहिते आहे.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. इथल्या गायकीत बंदिशीला, म्हणजे रागात बांधलेल्या चिजेला, फार मान. स्थायी आणि अंतरा हे तिचे दोन्ही भाग नीट, पूर्ण मांडायचे आणि मग बढतीला, म्हणजे रागाच्या विस्ताराला, लागायचं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. चार ओळींच्या चिजेत राग उभा राहिला पाहिजे. पॉप गाण्याला तर तीनच मिनिटं मिळतात. तेवढ्यात एक जग उभं करायचं आणि घडणीचा एकही सांधा दिसू द्यायचा नाही, ही कारागिरी मला बंदिशीइतकीच मोलाची वाटते.

मला हे पहिल्यांदा कळलं ते बाबांमुळे. बाबा तबला वाजवायचे. दादा दिल्लीला शिकत होता, सुट्टीत येताना कॅसेट आणायचा. एका दुपारी त्याने 'आय से अ लिटल प्रेयर' लावलं. बर्ट बॅकरॅकची चाल, हॅल डेव्हिडचे शब्द, डिऑन वॉरविकचा आवाज, १९६७ सालचं गाणं. बाबा पेपर वाचत होते. मुखडा आला तशी त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, आणि थांबली. त्यांनी पेपर खाली ठेवला. "परत लाव," म्हणाले. तीनदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "अकरा आहेत."

मुखड्याच्या एका फेरीत खरंच अकरा मात्रा आहेत. चार, मग तीन, मग पुन्हा चार. तुम्ही हाताने टाळी धरून पाहा. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्र ताल आहे, पण मैफलीत तो वाजतो तेव्हा बहुधा आधी सांगून वाजतो आणि श्रोते सावरून बसतात. इथे कोणी काही सांगत नाही. भांडी घासताना माणसं हे गाणं गुणगुणतात आणि आपण अकरा मात्रांतून फिरतो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. मधली एक मात्रा गळल्यामुळे सूर किंचित पुढे धावतो, जीव वरखाली व्हावा तसा. त्या गाण्यातल्या बाईचं तेच चाललं आहे. उठणं, केस विंचरणं, कपडे निवडणं, बस पकडायला धावणं, आणि या प्रत्येक कामात मनात त्या एकासाठी प्रार्थना. व्हिएतनामच्या युद्धावर गेलेल्या माणसाची काळजी डेव्हिडच्या मनात होती. युद्धाचं नाव मात्र गाण्यात कुठेही नाही. मला हे ऐकताना जात्यावरच्या ओव्या आठवतात. हात कामात आणि ओठांवर लांब गेलेल्या भावाचं नाव, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पुढच्याच वर्षी अरीथा फ्रँकलिनने हे गाणं गायलं. तिच्याकडे साथीच्या बायका मुखडा उचलतात आणि ती त्यांच्या मधून वर झेपावते. एकटीची प्रार्थना तिथे सगळ्या जणींची होते. दोन्हींतलं एक निवडायला सांगाल तर मी अरीथाचं निवडेन, पण रात्री एकटी असले तर डिऑनचं.

बीटल्सचं 'यस्टरडे' तुम्हालाही माहीत असेल. १९६५ सालचं. पॉल मॅकार्टनीला ही चाल झोपेत सुचली. ती आपली आहे यावर त्याचाच विश्वास बसेना, म्हणून कितीतरी दिवस तो भेटेल त्याला विचारत होता, ही कोणाची ऐकलेली चाल तर नाही ना? त्याचं हे विचारणं मला फार आवडतं. रेकॉर्डवर तो एकटाच गिटार घेऊन आहे, सोबत चार तंतुवाद्यं. आणि घडण पाहा. चार मात्रांचे आठ तुकडे जोडून कडवं करायचं, असा सरधोपट हिशेब. इथे सातच तुकड्यांत कडवं संपतं आणि आठवा यायचा तिथे पुढचं कडवं सुरू होतं. सोडून गेलेल्या माणसाचं गाणं, आणि चालीतच एक तुकडा कमी. हे ठरवून केलं की सहज झालं, याने मला फरक पडत नाही.

मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' मात्र ठरवून केलेलं आहे. सुरुवातीला जवळजवळ अर्धा मिनिट गाणं नाहीच. ताल आणि खालच्या स्वरांची एक फिरती ओळ, एवढंच. निर्माता क्विन्सी जोन्सला ते लांब वाटत होतं, कापायचं होतं. मायकल जॅक्सनने ऐकलं नाही, कारण तेच ऐकून त्याला नाचावंसं वाटत होतं. एकल तबल्याला जसा लहरा, म्हणजे मागे सतत फिरत राहणारी एकच धून, तशी ती ओळ. ती हलत नाही, म्हणूनच वरचा आवाज हुंदके देऊ शकतो, दचकू शकतो. लहरा धरणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, पण तो ढळला तर सगळं कोसळतं. तबल्याच्या घरात वाढल्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो.

ॲबाचं 'डान्सिंग क्वीन', १९७६ सालचं, मुखड्याच्या मध्यातूनच सुरू होतं. आपण दारातून आत येतो तेव्हा नाच रंगात आलेला असतो. याहून जास्त सांगायला नको, ऐका.

न आवडणारीही पुष्कळ आहेत. शेवटी काही सुचलं नाही की सगळं गाणं अर्ध्या स्वराने वर चढवून तोच मुखडा जोरात म्हणायचा, हे मला आळसाचं वाटतं. विद्यार्थ्यांनी तान संपवायला आवाज चढवला की मी त्यांनाही थांबवते.

परवा माझी एक बारा वर्षांची विद्यार्थिनी क्लासनंतर मागे राहिली होती. तिला मी ते अकरा मात्रांचं गाणं ऐकवलं आणि टाळी धरायला सांगितली. दुसऱ्या फेरीपर्यंत ती बरोबर होती, तिसरीत अडखळली. "ताई, मधली एक मात्रा कुठे जाते?"

मी गाणं परत लावलं.