बांधाला बांध लागून

गावाकडची निम्मी भांडणं बांधावरची. नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतो, मग मोजणी, मग कोर्टाच्या तारखा, आणि सख्खे चुलतभाऊ लग्नाच्या पंगतीत एकमेकांकडे पाठ करून जेवतात. म्हणून मला जुन्या काळातल्या तटाबुरुजापेक्षा नदीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाचंच जास्त कौतुक वाटतं, कारण तो कुणा एकाच्याने होत नाही, सगळ्या गावाला टोपली उचलावी लागते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत खोदकाम केलं. साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700, म्हणजे लोखंड यायच्या आधीपासूनचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, सातू, गहू, मसूर, कुळीथ पिकवणारं. आणि या गावाला तटबंदी आणि खंदक होता बरं का! शिवाय पुराचं पाणी अडवायला दगडमातीचा बांध आणि शेताकडे पाणी न्यायला पाट. शत्रू आला असेल नसेल, पण नदी मात्र पावसाळ्यात येतच असणार, त्यामुळे मला तरी वाटतं की या लोकांचा खरा वैरी घोड नदीच होती.

आता एवढी माती उपसायची तर कुणीतरी माणसं लावली पाहिजेत, पाटाचं पाणी आधी कुणाला आणि मागून कुणाला हे ठरवलं पाहिजे, आणि आपल्या लोकांचा स्वभाव बघता ते गोडीगुलाबीने ठरलं असेल यावर माझा तरी विश्वास नाही. गावाच्या मधोमध एक पाच खोल्यांचं घर सापडलंय, धान्याचं कोठार त्यालाच लागून. पुढाऱ्याचं घर असावं असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. असणारच की, कोठार ज्याच्या दारात तो पुढारी, यात अजून काय बदललंय?

तिथं मोठी माणसं घरातच जमिनीखाली पुरायचे आणि पुरताना घोट्याखालून पाय तोडायचे, मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये म्हणून असेल. पण त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मातीचा चार पायांचा, चांगला ढेरपोट्या रांजण निघाला, आत एक माणूस मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय शाबूत. नियम लावायला गेलं कोण असणार त्याच्याकडे!