अंबडचा ब्रॅकेट आणि ६२.६ टक्के

संरक्षण धोरणाचा अभ्यास करते असे सांगितले की नाशिकमधले नातेवाईक लगेच देवळालीच्या तोफखान्याकडे, नाहीतर ओझरच्या विमान कारखान्याकडे बोट दाखवतात आणि "आत काय चालतं ते सांग" म्हणतात. प्रत्यक्षात माझे बहुतेक दिवस खरेदीचे करार, अर्थसंकल्पातल्या मागण्या, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल आणि महालेखापरीक्षकांची निरीक्षणे एकमेकांशी ताडून पाहण्यात जातात. गोपनीय असे त्यात फारसे काही नसते, कंटाळवाणे मात्र पुष्कळ असते. ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे, तो नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका आकड्याचा माग काढण्यात गेला.

आकडा होता ६२.६. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी १२ सुखोई-३० एमकेआय विमानांचा सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार केला. ही विमाने कंपनीच्या नाशिक विभागात, म्हणजे ओझरच्या कारखान्यात, बनणार असून त्यांतला स्वदेशी वाटा ६२.६ टक्के असेल, असे तेव्हा जाहीर झाले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला, तेव्हा हा वाटा ६४ टक्क्यांहून अधिक सांगितला गेला. आकडे खोटे आहेत अशी माझी शंका नव्हती. मला कुतूहल होते ते त्या दशांशचिन्हाचे. हजारो सुट्या भागांच्या विमानाचा हिशेब अगदी तळाच्या पुरवठादारापर्यंत कसा पोहोचतो, यावर मला टिपण लिहायचे होते.

नियम कागदावर सरळ आहे. संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२० नुसार स्वदेशी वाटा वजाबाकीने काढतात: कर आणि शुल्क वगळून कराराची जी मूळ किंमत उरते, तिच्यातून आयात केलेला माल, परदेशी कंपन्यांकडून घेतलेल्या सेवा आणि परदेशात भरलेले परवाना शुल्क व स्वामित्वधन वजा करायचे. प्रत्येक पातळीवरचा पुरवठादार आपापले प्रमाणपत्र वरच्याला देतो आणि त्यांची बेरीज वर चढत जाते.

यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि त्यांच्याच कारकिर्दीत मिग-२१ च्या उत्पादनासाठी ओझरचा कारखाना उभा राहिला, हे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते. तळाच्या पुरवठादाराचा हिशेब पाहायला मी गेले ते अंबडचे वर्कशॉप मात्र त्या मानाने नवे. धातू कोरणारी दोन संगणक-नियंत्रित व्हीएमसी मशिन, तपासणीसाठी काचेची वातानुकूलित खोली, आणि जॉब म्हणजे विमानाच्या ढाच्यात बसणारा तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट. कोणत्या विमानाचा, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. ज्या ठोकळ्यातून तो कोरून काढतात, त्यातला मोठा भाग चिप्स होऊन मशिनखालच्या ट्रेमध्ये पडतो. त्या एका ब्रॅकेटसोबत जाणारी कागदपत्रांची फाइल ब्रॅकेटपेक्षा जाड होती.

मालकांनी मला त्यांचे स्वदेशी वाट्याचे प्रमाणपत्र दाखवले. त्यावर शंभर टक्के लिहिलेले होते.

"धातू कुठून घेता?" मी विचारले.

"भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून. हे बघा ना मॅडम, बिल रुपयांत, जीएसटी लागलेलं. मी आयात केली कुठे?"

तपासणीचे काम पाहणारा मुलगा तोपर्यंत गप्प होता. त्याने फाइलमधून धातूच्या मिलचे तपासणी प्रमाणपत्र, ज्याला तिथे सगळे टीसी म्हणतात, काढून टेबलावर ठेवले. मिश्रधातू ७०७५, टेंपर (धातूवरच्या उष्णताप्रक्रियेची खूण) टी-६५१, हीट नंबर म्हणजे धातू ज्या घाणात वितळवला त्याचा क्रमांक, रासायनिक घटकांचे प्रमाण आणि वरच्या कोपऱ्यात परदेशी मिलचे नाव. "सर, हे मटेरिअल तर बाहेरचं आहे," तो हळूच म्हणाला. मालक चिडले नाहीत. ते विचारात पडले आणि त्यांनी दुसरी फाइल मागवली.

त्या दुसऱ्या फाइलमुळे प्रश्न अधिकच रंगला. त्याच प्रकारच्या एका जुन्या ऑर्डरसाठी धातू वरच्या कंपनीने स्वतःच पुरवला होता आणि वर्कशॉपने फक्त कामाचे पैसे लावले होते. समजा, ब्रॅकेटची किंमत १०० रुपये आणि त्यात धातूचे ४०. धातू वरून आला, तर वर्कशॉपचे बिल ६० रुपयांचे आणि ते पूर्ण स्वदेशी. आयातीचे ४० वरच्या कंपनीच्या हिशेबात दिसतात. धातू व्यापाऱ्याकडून घेऊन नियम नीट लावला, तर वर्कशॉपचा वाटा साठ टक्के. आणि रुपयांतल्या बिलावर विसंबले, तर शंभर टक्के, आणि ते ४० रुपये कुठल्याच पातळीवर वजा होत नाहीत. यात फसवणूक कुणाचीच नाही, फक्त धातू बंदरात उतरवणारा व्यापारी या साखळीत मोजलाच जात नाही.

दिल्लीत बसून हे टिपण लिहिले असते, तर प्रत्येक लहान पुरवठादाराने टीसीची प्रत जोडावी, अशी शिफारस करून मी मोकळी झाले असते. पण मालकांचे टेबल पाहिल्यावर ती शिफारस लिहायला हात धजेना. वीस-पंचवीस कामगारांच्या जागेत गुणवत्तेचे कागद सांभाळणारा तो एकच मुलगा, आणि त्याच्यासमोर आधीच हीट नंबरांची रजिस्टरे, गेज कॅलिब्रेशनचे दाखले, प्रत्येक नव्या जॉबच्या पहिल्या नगाचा मापनिहाय अहवाल. मालकांनी हात जोडून सांगितले, "आणखी एक फॉर्म वाढवू नका, मॅडम. पेमेंट आधीच लांबतं."

म्हणून टिपणात मी जबाबदारी वर्कशॉपवरून व्यापाऱ्याकडे सरकवली: विमानासाठीचा धातू विकणाऱ्याने आपल्या बिलावरच आयातीच्या सीमाशुल्क कागदाचा क्रमांक छापावा, म्हणजे खाली कोणालाही अर्थ लावत बसावे लागणार नाही. मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तत्काळ हरकत घेतली. व्यापाऱ्याचा सगळा धंदा आपला पुरवठादार कोण हे न सांगण्यावर चालतो, तो क्रमांक देणारच नाही, असे त्यांचे म्हणणे. हरकत रास्त होती. शेवटच्या मसुद्यात मी क्रमांकाची मागणी काढून टाकली आणि बिलावर धातू ज्या देशात तयार झाला त्या देशाचे नाव व मालाची आयात किंमत, एवढ्या दोनच नोंदी ठेवल्या. त्यातली दुसरी नोंद व्यापारी मान्य करतील का, याबद्दल सहकाऱ्यांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही, कारण त्या एका ओळीतून त्यांचा नफा उघडा पडतो.