गोणपाट पिळून दाखवताना

मृगाच्या तोंडावर हिंगोली जिल्ह्यात घरोघर एकच घोळ चालू असतो: घरचं सोयाबीन पेरावं की बियाण्याची पिशवी आणावी? आमच्या शेतकरी गटाचे व्हिडिओ बनवणं माझ्याकडे आहे. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवणशक्ती कशी तपासावी याचा एक सर्वसाधारण व्हिडिओ आधीच फिरत होता. त्या सकाळी सेनगावकडच्या एका काकांचा आवाज आला, "सर, शंभरातले निम्मे दाणे सडले. बियाणं बाद झालं का हो?"

नुसतं ऐकून निदान होत नाही. त्यांना म्हटलं, काका, गोणपाट उचलून धरा आणि दहा सेकंद शूट करून पाठवा. व्हिडिओत गोणपाटाच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. सोयाबीनचं साल पातळ. दाणा पाणी पटकन ओढतो आणि चिंब गोणपाटात हवा मिळाली नाही की कुजतो. बियाणं चांगलं की वाईट, हे त्या तपासणीतून कळणारच नव्हतं.

उत्तर लिहून पाठवता आलं असतं, पण किती जोरानं पिळायचं ते लिहून कसं सांगणार?

गोदामाच्या दारात, सावलीत, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभा राहिलो. आत ट्यूबलाइटखाली काही फोनांत चित्रावर पट्टे सरकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सेटिंग हातानं ठरवायची सोय, असेल तर शटर १/१०० सेकंदावर ठेवावं. लेन्स सुती फडक्यानं पुसली. बोटांचं तेल राहिलं तर सगळं धुकट दिसतं. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर, त्यावर स्पंजची टोपी. जूनचं वारं उघड्या माइकवर भरभरतं आणि नंतर ते निघता निघत नाही.

नमस्कार-चमत्कार वगळून सुरुवातच केली, "काका, तुमच्या गोणपाटात पाणी जास्त झालंय." बोलता बोलता गोणपाट पिळलं, थेंब पडायचा थांबेपर्यंत. मग १० ओळींत १०-१० दाणे, टपोरे निवडून नव्हे, पोत्यातून येतील तसे. वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी, सावलीची जागा. ५ ते ७ दिवसांनी निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. नजर लेन्सवर ठेवली. स्क्रीनवर स्वतःला बघत बोललं की समोरच्याला वाटतं, हा दुसऱ्याशीच बोलतोय.

काकांना विचारून, त्यांचं नाव-गाव न घेता, तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकाच वेळी अनेकांना मेसेज पाठवायच्या यादीवर, टाकला. तिथे एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. 'आपले व्हिडिओ कुणी बघत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

दुपारनंतर गोणपाटंच गोणपाटं आली! कुणी पंख्याखाली ठेवून पार वाळवलेलं, कुणी दाणे एकावर एक रचलेलं. जिंतूरच्या एका ताईंचे कोंब अर्धवट तुटके होते. कारण व्हिडिओत दिसेना. त्यांना सांगितलं, बियाणं काळ्या कापडावर पसरा, फोन वीतभर वर धरा, दाण्यावर बोट टेकवून फोकस करा आणि पाठवताना एचडी निवडा. तेव्हा सालावरच्या चिरा दिसल्या. मळणी यंत्राचा ड्रम जोरात फिरवला की दाणा असा फुटतो; बियाण्यासाठी फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च ठेवतात. तसले तुटके कोंब मोजणीत धरू नका, हे उत्तर ताईंना व्हिडिओनंच गेलं, हातात त्यांच्यासारखाच एक चिरलेला दाणा धरून.