तुम्ही विचारलंत म्हणून: वैद्य असून इन्सुलिन का बंद करत नाही?

‘मॅडम, तुम्ही स्वतः आयुर्वेदाच्या, मग मधुमेहाच्या पेशंटची ती इन्सुलिनची इंजेक्शनं बंद करून त्यांना काढ्यावर का आणत नाही? तुमचाच विश्वास नाही की काय?’ लग्नात, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या पायरीवर, जिथे जाते तिथे हेच.

विश्वास आहे. अपचन, आखडलेली पाठ, उडालेली झोप यांवर मी आमचीच औषधं देते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण टाइप वन मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. कारल्याचा रस द्या, जांभळाच्या बियांचं चूर्ण द्या, इन्सुलिनची जागा त्यातलं काहीच घेत नाही. १९२२ साली टोरांटोत एका मुलाला पहिल्यांदा ते टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. आणि सगळंच बरं होतं, असं आमचा चरक तरी कुठे म्हणतो? बीजदोषाने, म्हणजे आईबापाकडून जन्मतःच आलेला प्रमेह (मधुमेह ज्यात मोडतो तो आजार) त्याने असाध्यच सांगितलाय.

एका संध्याकाळी दवाखाना बंद करताना मोटरसायकलवरून एका मुलाला आणलं, आईबापाच्या मध्ये बसवून. ‘पित्त झालंय, सकाळपासून उलट्या आहेत,’ आई म्हणाली. मुलगा धाप लागल्यासारखा खोल श्वास घेत होता. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. बोटाला सुई टोचून साखर बघितली, तर मशीनवर आकडाच आला नाही, नुसतं ‘हाय’. मापायची मर्यादाच ओलांडलेली. इन्सुलिन कधी घेतलं, विचारलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग वडिलांनी खिशातून कागदाची पुडी काढली. ‘सुयांची सवय लागते म्हणाले. यावर आठवड्यात सुटतील.’ मी मशीन बाजूला ठेवलं आणि रिक्षा बोलवली. रिक्षात मुलगा एकच विचारत होता, ‘परत सुई टोचणार?’ हो म्हणाले. आयसीयूत सलाइन आणि इन्सुलिन सुरू झालं, म्हणून तो वाचला.

कॉलेजात मी म्हणायचे, दुसऱ्या पॅथीच्या जोडीला आपलं औषध देणं म्हणजे शरणागती. माझ्यातली ती कॉलेजातली मुलगी अजून माझ्याशी भांडते आणि तिचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. त्या मुलाच्या आईला मोठ्या दवाखान्यात दोन मिनिटं मिळाली होती. पुडीवाल्याने तिचं तासभर ऐकून घेतलं. ती त्याच्याकडे गेली, यात नवल काय?

ऐवजी आणि जोडीला यांत जीव जाण्याइतका फरक आहे, हे मी रोज सांगते. तरी त्या मुलाची आजी दर वेळी म्हणते, ‘ताकदीचं काहीतरी द्या, मॅडम.’ नाही दिलं, तर ती परत पुडी शोधेल. दिलं, तर उद्या घरात कुणीतरी म्हणेल, ‘मॅडमचं औषध चालू आहे ना, मग एखादी सुई चुकली तर काय होतंय?’