आमची वाटचाल : चाळिसावं कार्ड

शाळेतल्या मुलांना मनातलं बोलता यावं म्हणून आम्ही भावनांची कार्डं बनवतो. आमच्या संचात ४० कार्डं असतात. बाजारात त्याची नक्कल आली तेव्हा तिच्यात ३९ होती. फर्मची वाटचाल लिही म्हणून सगळे मागे लागलेत, तर सुरुवात या एका कार्डापासूनच करतो.

मी मुळात छापखान्यातला माणूस. प्रगतिपुस्तकं, हजेरीपत्रकं हा आमचा धंदा. एका शाळेतल्या समुपदेशक ताई भावनांची कार्डं छापून घ्यायला यायच्या. चौथ्या खेपेला मी म्हटलं, एवढी कार्डं लागतात तर आपण दोघं मिळूनच करू. सत्रं त्यांची, कागद माझा. सुरुवात एवढीच.

कागदाबद्दल मात्र बोलूनच पुढे जाणार. नवीन मंडळी कार्डं लॅमिनेट करतात. करू नये. उजेड पडला की ती चमकतात आणि गोलात समोर बसलेल्याला अक्षर दिसत नाही. त्यात ती चटचट वाजतात, आणि एखादं पोर पहिल्यांदा काही सांगत असताना तो आवाज फार मोठा वाटतो. आम्ही ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, साधा बिनचकाकीचा कागद वापरतो. कोपरे मळतात, मुलं ते दुमडतात. ‘लाज’ आणि ‘एकटेपणा’ ही दोन कार्डं सगळ्यात आधी फाटतात, म्हणून ती जादा छापून ठेवतो. वाळूचं घड्याळही आम्ही सोडलेलं नाही. मोबाइलवर टायमर लागतोच की, पण बुजऱ्या मुलाला बोलताना बघायला काहीतरी हवं असतं. वाळूकडे बघत ते तीन मिनिटं बोलतं.

चाळिसावं कार्ड पिवळं, मित्र-मदतनिसांसाठी, म्हणजे बरोबरीच्या मुलांचं ऐकून घ्यायला तयार केलेल्या मुलांसाठी. मजकूर ताईंचा : ‘मित्र असो वा मैत्रीण, हे गुपित दोघांतच ठेवता येणार नाही. मी मोठ्या माणसाला सांगेन. तुला सांगून सांगेन.’ पहिल्या छपाईत ‘मैत्रीण’ची ‘मैत्रिण’ झाली. माझी चूक. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता तो प्रसंग. आमच्याकडेच तयार झालेला, सत्रं घेणारा एक फॅसिलिटेटर बाहेर पडला आणि त्याने स्वतःची संस्था काढली. जावं, कोणी कोणाला बांधून ठेवलेलं नसतं. पण जाताना कार्डं नेली. चकचकीत केली, अॅप जोडलं, दोन दिवसांत मदतनीस तयार करून देतो म्हणाला. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘अभ्यासात ११ टक्के वाढ’. हा आकडा कुठून उचलला ते या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डरलॅक आणि सहकारी संशोधकांनी २०११ साली शाळांतल्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ कार्यक्रमांचा, सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातला. पण ते ११ पर्सेंटाइल आहेत हो! शंभर मुलं गुणांप्रमाणे ओळीत उभी केली तर मधोमध असलेलं मूल खालून साधारण एकसष्टाव्या जागी पोचतं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय क्रमाने शिकवणं, करून बघायला लावणं, त्यासाठी वेळ राखून ठेवणं आणि नेमकं काय शिकवायचं ते ठरलेलं असणं, या चार गोष्टी असलेले कार्यक्रम चांगले ठरले, हेही त्याच आढाव्यात आहे. ते पत्रकावर नव्हतं.

पिवळं कार्ड त्याने काढून टाकलं. का, तर ‘निगेटिव्ह वाटतं’.

त्याच्या एका शाळेत नववीतली मुलगी मदतनीस होती. मैत्रिणीने तिला सांगितलं, मी स्वतःला इजा करून घेते, कोणाला सांगू नकोस. हिने तीन आठवडे सांगितलं नाही. फोन उशाशी घेऊन रात्रभर जागायची. शेवटी वर्गातच चक्कर येऊन पडली तेव्हा सगळं बाहेर आलं. दोघींनाही मदत मिळाली, दोघी सावरल्या. पण पालकसभेत जे झालं त्याची बातमी गावभर झाली, आणि शाळांनी मित्र-मदत म्हणून जे जे होतं ते बंद केलं. आमचंही. ‘कार्डं तीच ना?’ असं एका बाईंनी मला तोंडावर विचारलं. ११ शाळांपैकी १० गेल्या. छापखान्यातलं कटिंग मशीन विकून मी कामावरच्या मंडळींचे पगार दिले.

उरली ती एक शाळा. तिथल्या सरांनी दोन्ही संच टेबलावर मांडायला लावले आणि एकेक कार्ड जुळवत बसले. अर्धा तास. शेवटी पिवळं कार्ड उचललं, दोनदा वाचलं आणि टेबलाच्या काचेखाली सरकवलं. म्हणाले, ‘‘मूल मोठ्या माणसाला सांगणार म्हणता, पण कोणत्या? नाव लिहा.’’ आम्ही ताईंचं लिहिलं. ‘‘त्या रजेवर असतील तेव्हा?’’ आम्ही गप्प. त्यांनी पेन काढून खाली स्वतःचं नाव लिहिलं. दर शुक्रवारी मदतनिसांची सुपरव्हिजन हवी, म्हणजे मोठ्या माणसाने बसून त्यांचं ऐकायला हवं, ही अटही त्यांचीच. दोन वर्षं त्या एका शाळेवर फर्म चालली.

पुढची वर्षं बरी गेली. शाळा परत आल्या, मशीन नवीन घेतलं.

या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. मदतनीस म्हणून वर्गातली हुशार मुलं घेऊ नका. ‘मन खट्टू झालं तर कोणाकडे जाल?’ अशी चिठ्ठी सगळ्यांकडून घ्या. मागच्या बाकावरची नावं येतील, ती घ्या. ‘बिघडलेल्या’ मुलांचा वेगळा गट करून द्या असं शाळा म्हणेल, तर हात जोडा. अशा गटांत मुलं एकमेकांचे वाईट गुणच पक्के करू शकतात, हे डिशियन वगैरे संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवलंय. आम्ही नाही म्हटलं म्हणून एक करार गेला, गेला तर गेला. आणि शेवटच्या सत्राला मुलं हसतायत त्याचे फोटो अहवालात लावू नका. फोटो काढताना सगळेच हसतात.

ताई आता निवृत्त झाल्या. मागच्या महिन्यात त्यांनीच फोन करून सांगितलं की ‘त्या’ संस्थेच्या संचाची नवी आवृत्ती आलीय. मागवली. मोजली. ४० कार्डं. शेवटचं पिवळं. मजकूर आमचाच, शब्द न् शब्द, आणि त्यात ‘मैत्रिण’ ऱ्हस्व.